बोर्डबाईंच्या एकेचाळीस तक्रारी

उद्या सकाळी तुमच्या दारात एक पत्र आलं आणि त्यात लिहिलं असलं की तुम्ही रुग्णालयाच्या कॉम्प्युटरचं कुलूप फोडायला निघाला होतात, तर तुम्ही काय कराल? पुरावा म्हणून खाली चार आकडे, मध्ये टिंबं, शेजारी तारीख आणि वेळ. बस. ना फोटो, ना साक्षीदार.

हसाल. आमच्या गल्लीतले टेलरमास्तरही आधी हसलेच होते.

मास्तरांचं वय एकसष्ट. एकोणीस वर्षं ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयासाठी ऑपरेशनचे गाऊन आणि चादरी शिवतायत. फोनवरून कुणाला फोटो पाठवायचा तर मुलीला हाक मारतात. पत्र नेट कंपनीचं होतं. रुग्णालयाची तक्रार आली आहे, तुमच्या जोडणीवरून त्यांच्या यंत्रणेत शिरण्याचा प्रयत्न झाला, सबब लाइन बंद. मास्तरांना वाटलं, रुग्णालय काय परकं आहे का, जाऊन विचारू. पत्र खिशात घालून ते स्वतःच्या पायांनी तिथे गेले. प्रशासक साहेबांनी पत्र वाचलं, मास्तरांकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि शिलाईचं काम तिथल्या तिथे थांबवलं. गुरुवारी अकरा वाजता समिती बसेल, यादीत तुमचं नाव ठेवायचं की कायमचं खोडायचं ते ती ठरवेल, एवढं सांगून त्यांना जिना दाखवला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव 'हॅकर मास्तर' पाडलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत बसून मी लोकांच्या तक्रारी लिहून देते. कुठल्या कॉलेजात शिकले नाही, सरकारी बाकांवर ताटकळत शिकले. माझ्या नाकावर राग असतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण ही हकीकत माझी नाही. जिच्या अंगावर मी सोमवारी सकाळी धावून गेले त्या बाईची आहे.

रुग्णालयात तिला सगळे बोर्डबाई म्हणतात. बावीस वर्षांची असताना ती तिथल्या टेलिफोन बोर्डावर लागली. कानाला यंत्र, समोर तारांचं जाळं, दिवसभर 'थांबा, जोडते'. पुढे बोर्ड भंगारात गेला. बाईंना कुठे बसवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरच्या खोलीत टाका, तिथे थंडी असते म्हणून कुणी टिकत नाही. बाई टिकल्या. अंगावर लोकरीचं जाकीट चढवून त्या यंत्रांच्या घरघरीत बसल्या आणि एका यंत्राचं लिहिणं वाचायला लागल्या. हे यंत्र म्हणजे रुग्णालयाच्या नेटवरचा पहारेकरी. बाहेरून कोण आलं, कुठल्या आयपी पत्त्यावरून आलं, कुठलं दार ठोठावलं, किती वाजता, सगळं ओळीखाली ओळ लिहीत जातो. त्या वहीला लॉग म्हणतात. दिवसाला हजारो ओळी पडतात, आणि बाईंच्या आधी ती कुणी उघडूनही पाहत नसे.

आता बाई सत्तावन्न वर्षांच्या आहेत. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत आणि पस्तीस वर्षांच्या फाइलीत एक वाकडी ओळ नाही.

सोमवारी मी मास्तरांना घेऊन त्या खोलीत शिरले ती बोलतच.

"कोण तुम्ही? आकडे बघून माणसाला चोर ठरवता?"

बाईंनी मान वर केली नाही. "दार लावून घ्या. गारवा बाहेर जातो."

"गारवा गेला तरी चालेल, यांची अब्रू गेलीय."

"तरीही दार लावा. मग अब्रूचं बघू."

मास्तरांनीच दार लावलं. त्यांना भांडणाची लाज वाटत होती. मी पत्र टेबलावर आपटलं. बाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला, आकडे वाचले, आणि पहिल्यांदा मास्तरांकडे पाहिलं. तक्रार त्यांनीच पाठवली होती. पण ती कुणाच्या घरी जाऊन पडली हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाव वर साहेबांच्या टेबलावर होतं आणि साहेबांनी ते खाली कळवायची तसदी घेतली नव्हती.

"तुम्ही गाऊनवाले मास्तर ना?" त्या म्हणाल्या. "खिशाला दुहेरी टाका घालता ते?"

"हो."

"बसा." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही बसा. उभ्यानं ओरडलं तर लवकर दमायला होतं."

माझं पित्त खवळलं, पण मी बसले.

बाई सांगायला लागल्या. आवाज असा, की जणू एखादी आत्या भाचीला स्वेटरचे टाके शिकवतेय. "बोर्डावर असताना मी घंटीवरून माणूस ओळखायचे. चुकून लागलेला फोन एकदा येतो, फार तर दोनदा. खोडी काढणारा तीनचारदा करतो आणि कंटाळतो. पण ज्याला आवारातल्या एखाद्या डॉक्टरांच्या घरात कोणी नाही याची खात्री करून घ्यायचीय तो नेमानं करतो. दर पाच मिनिटांनी, एक सेकंद इकडेतिकडे नाही. लॉगमध्येही तेच. एखादा डॉक्टर घरून पासवर्ड चुकतो, तो चिडून भराभरा चार वेळा मारतो आणि मग मला फोन करून माझ्यावरच डाफरतो. हा जो पत्ता आहे ना, तो दर नऊ सेकंदांनी एक पासवर्ड लावून बघत होता. तासभर. न चिडता. माणूस असा वागत नाही, यंत्र वागतं."

"मग मास्तर यंत्र आहेत का?"

"मास्तरांच्या घरातलं यंत्र असू शकतं. बिघडलेलं, कुणी फितवलेलं. मास्तरांना पत्ताही नसेल. मी तक्रारीत कुणाला चोर म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, या पत्त्यावर काय चाललंय ते तुमच्या ग्राहकाला विचारा. 'चोर' हा तुमचा शब्द, साहेबांचा शब्द, कंपनीचा शब्द, तो माझा नाही."

"पण लाइन तोडली ती तुमच्या कागदावर."

"ते खरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडचं पुढचं वाक्य वाया गेलं.

मास्तर हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशी पावणेनऊला मी इथेच होतो, वरच्या मजल्यावर. नर्सबाईंना नव्या गाऊनचं माप दाखवत होतो."

"त्यानं काही सिद्ध होत नाही, मास्तर. तुम्ही इथे असलात तरी घरातला नेटचा डबा चालूच असतो. आणि नोंद स्वच्छ आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली. जेवण झालं, डबा धुऊन आले, खुर्चीत टेकते न टेकते तोच पडद्यावर तो पत्ता पळायला लागला. हात पुसायचे राहिले होते माझे."

मास्तरांनी चेहऱ्यावर जराही तिरकसपणा न आणता विचारलं, "बाई, तुम्ही साडेआठला जेवता?"

मी हसणार होते. पण बाईंचा चेहरा बघून हसू तोंडातच राहिलं.

रुग्णालयात जेवणाची सुट्टी दीड ते दोन. पस्तीस वर्षं बाई त्याच वेळेला जेवल्या होत्या. त्या उठल्या, यंत्रासमोर बसल्या, खटाखट काहीतरी टाइप केलं आणि त्या दिवसाची ओळ पडद्यावर आणली. आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं. ओळ तिथे संपत नव्हती. वेळेच्या मागे एक अधिकचं चिन्ह होतं आणि त्याला लागून चार शून्यं. बाईंनी त्या शून्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"मास्तर, दुपारी दोन वाजता तुम्ही काय करता?"

"इस्त्री. एक ते चार इस्त्री असते. सकाळी शिवलेलं सगळं."

"आणि नेटचा डबा?"

"तो बंद. खोलीत प्लग एकच आहे. डब्याचा काढतो, इस्त्रीचा लावतो. मुलगी क्लासवरून चारला येते, तेव्हा परत डबा लावतो. नाहीतर ओरडते."

बाईंनी डोळे मिटले. मग आम्हाला दोघांना समोर बसवून जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत ते मला तीनदा ऐकावं लागलं.

पाच आठवड्यांपूर्वी रुग्णालयात पहारेकरी बदलला होता. जुनं यंत्र भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहायचं. नवं यंत्र जगाच्या सामाईक घड्याळाप्रमाणे लिहितं, म्हणजे सगळ्या देशांतली यंत्रं एकमेकांशी बोलताना जी वेळ धरतात ती. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. त्या चार शून्यांचा अर्थ तेवढाच: ही वेळ सामाईक घड्याळाची आहे. बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. वाचताना त्या मनातल्या मनात साडेपाच तास मिळवायच्या, इतक्या सवयीनं की आपण मिळवतोय हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं. पण तक्रार लिहिताना त्यांचा एक नेम होता. नोंदीला हात लावायचा नाही. जसा आकडा दिसतो तसाच उतरवायचा, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. कंपनीच्या फॉर्मवर वेळेच्या चौकटीत तास आणि मिनिटं एवढीच मावतात. बाईंनी प्रामाणिकपणे 'आठ-चव्वेचाळीस' लिहिलं. शून्यं बाहेर राहिली.

कंपनीच्या माणसानं ते आपल्या भिंतीवरचं पावणेनऊ समजून पाहिलं. आता, घरगुती नेटचा पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा नसतो. तो धर्मशाळेतल्या खोलीसारखा असतो. तुम्ही गेलात की दुसऱ्याला. पावणेनऊला ती खोली मास्तरांकडे होती. एकला त्यांनी इस्त्री लावली आणि खोली सोडली. सव्वादोनला, खरा दंगा चालू होता तेव्हा, तिथे कुणी तिसराच उतरला होता.

मी म्हटलं, "म्हणजे तुमची चूक."

"माझी," बाई म्हणाल्या. "आकड्याला हात लावला नाही म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होते. आकडा खरा होता, पण मी त्याचं घड्याळ सांगितलं नाही. त्या फॉर्मला शेरा लिहायला जागा होती. रिकामी सोडली मी."

सांगते, मी अनेक अधिकारी पाहिलेत. चूक सापडली की ते आधी दार बघतात, मग शिपाई बघतात, मग पाऊसपाणी विचारतात. ही बाई टेबलापाशी बसून आपल्या चुकीचं माप घेत होती, मास्तर छातीचं घेतात तसं, टेप घट्ट धरून.

माप मोठं निघालं. नवं यंत्र आल्यापासून त्यांनी एकेचाळीस तक्रारी पाठवल्या होत्या.

त्याच दुपारी त्यांनी कंपनीला दुरुस्तीचं पत्र पाठवलं, दोन्ही घड्याळांची वेळ लिहून. मंगळवारी मी पुन्हा गेले तेव्हा बाई एकेचाळीस कागद टेबलावर मांडून बसल्या होत्या. सव्वीस तक्रारी भाड्यानं दिलेल्या मोठ्या यंत्रांच्या, म्हणजे सर्व्हरच्या होत्या. ती यंत्रं पत्ता बदलत नाहीत, त्यामुळे वेळ चुकली तरी बोट योग्य ठिकाणीच गेलं होतं. उरलेल्या पंधरा घरगुती जोडण्या. मास्तर धरून पंधरा घरं, जिथे पत्र चुकीच्या दारात पडलं असण्याची शक्यता होती.

"मी गल्लीच्या तोंडाशी फलक लावते," मी म्हटलं. "रुग्णालयाचा कारभार चव्हाट्यावर आणते. उद्याच दारात शंभर माणसं बसवते."

"तुझा फलक तुझ्या गल्लीला दिसेल," त्या म्हणाल्या. रागाच्या भरात त्यांनी मला 'अगं-तूगं' कधी सुरू केलं ते दोघींनाही कळलं नाही. "बाकीची चौदा घरं कुठल्या गल्लीत आहेत, माहितीय तुला? मला नाही. त्या त्या नेट कंपनीला आहे. ज्या वाटेनं माझा कागद गेला त्याच वाटेनं दुसरा जायला हवा. शंभर माणसं बसवायची तर बसव, पण आधी हे पंधरा कागद तपासून दे. तुझी नजर नवी आहे. माझी आपोआप साडेपाच तास मिळवते."

मी तपासले. दोन ठिकाणी बाईंनी बेरीज पुन्हा चुकवली होती. मी ते दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर बिस्किटाचा पुडा सरकवला. आभार मानायची त्यांची रीत तीच.

बुधवारी सकाळी खोलीतला फोन वाजला. बाईंनी मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे एक दंतवैद्य होते, सव्वादोनला तो पत्ता ज्यांच्याकडे होता ते, आणि तापले होते.

"मला नेट कंपनीचं पत्र आलंय. मी तुमच्या दारात शिरतो म्हणे. अहो, मी दात काढतो, दारं नाही."

"डॉक्टर, तुमच्यावर आळ नाही. दवाखान्यात नेटला काय काय जोडलंय तेवढं सांगाल?"

"एक कॉम्प्युटर. आणि बाहेरच्या खोलीत कॅमेरा, पेशंट बसतात तिथे."

"कॅमेरा आणला तेव्हा त्याचा पासवर्ड काय होता?"

"डब्यावर छापलेला होता तोच."

"आणि आता?"

पलीकडून एका खुर्चीचं करकरणं तेवढं आलं.

"तोच," दंतवैद्य म्हणाले.

"तो डब्यावरचा पासवर्ड जगातल्या सगळ्या भुरट्यांना पाठ असतो, डॉक्टर. तुमचा कॅमेरा कुणीतरी कामाला लावलाय. प्लग काढा. मग मी सांगते तसं करा." आणि बाईंनी त्यांना वीस मिनिटं हाताला धरून सगळं करून घेतलं, 'थांबा, बघते' म्हणत, जुन्या बोर्डावरच्या आवाजात. फोन ठेवताना दंतवैद्य म्हणाले, दाढ दुखली तर या. बाई म्हणाल्या, देव करो आणि तशी वेळ न येवो.

दुपारी आम्ही वर गेलो. प्रशासक साहेबांना खाली सगळे 'सहीसाहेब' म्हणतात, कारण सहीखेरीज त्यांच्या पेनातून काही उतरत नाही. त्यांनी बाईंचं पत्र वाचलं आणि ते अलगद परत सरकवलं.

"बाई, मास्तरांचं काम मी चालू करतो. समितीला सांगतो, तांत्रिक अडचण होती. विषय संपला. हे कशाला द्यायचं?"

"साहेब, 'तांत्रिक अडचण' म्हटलं तर त्यात मास्तर निर्दोष आहेत हे कुठे आलं?"

"तुमच्या फाइलीत शेरा पडेल. चौदा महिन्यांसाठी कशाला डाग लावून घेता?"

"माझ्या चुकीचा शेरा माझ्या फाइलीत पडेल. आत्ता तो मास्तरांच्या अंगावर पडलाय."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकवलंत का यांना हे?"

"मला आलं असतं तर मी इतकी वर्षं घसा कशाला फोडला असता," मी म्हटलं.

गुरुवारी अकराला समिती बसली. पाच जण, लांब टेबल, पाण्याचे पेले झाकून ठेवलेले. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात बसले होते, हात मांडीवर, जसं स्वतःच्याच अंगाचं माप द्यायला आलेत. शेजारी त्यांची बायको. ती त्या तासाभरात एकदाही पाठ टेकून बसली नाही. मला दारापाशी उभं राहायची परवानगी मिळाली, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. ती मी पाळली, हे इथे लिहून ठेवते, कारण पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही.

बाईंनी पत्र उभं राहून वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. "आत्ता अकरा वाजून बारा मिनिटं झालीत. माझ्या यंत्रात आत्ता पाच वाजून बेचाळीस लिहिलं जातंय. मी तुम्हाला नुसतं 'पाच-बेचाळीस' सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, आम्ही तेव्हा घरी होतो. मास्तरांचं एवढंच झालं."

एक सदस्य म्हणाले, "मग दोषी कोण?"

"यंत्र म्हणाल तर एक कॅमेरा. तो बंद केलाय. माणूस म्हणाल तर ज्यानं त्या कॅमेऱ्याला फितवलं तो. तो कुठे बसलाय मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही."

"आणि या सगळ्या गोंधळाला जबाबदार?"

"मी."

समितीच्या अध्यक्षबाईंनी मास्तरांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांच्यावर कसलाही ठपका नाही, तसं लेखी मिळेल, कंपनीलाही जाईल. मास्तरांनी मान हलवली. बायको म्हणाली, "लेखी दोन प्रती द्या. एक गल्लीत दाखवायची आहे." तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

बाईंच्या फाइलीत शेरा पडला. त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली आणि यंत्राच्या वरच्या भिंतीला चिकटवली. शेजारी दोन घड्याळं टांगली, एक आपलं, एक सामाईक. घरी त्यांची थोरली बहीण असते. ती म्हणते, "गॅस बंद केला का ते हिला आठवत नाही, पण चारशे पत्ते पाठ आहेत." बाई उठून गॅस बघून येतात. आता शनिवारी दुपारी त्या आमच्या खोलीत बसतात. अशी पत्रं घेऊन लोक येतात, बाई वाचून दाखवतात. परवा त्यांनी एकाला तोंडावर सांगितलं, "तुमचाच मुलगा करतोय हे, त्याचा कान धरा." वेळेची खात्री त्यांनी आधी दोनदा करून घेतली होती.

त्या पंधरा घरांपैकी बारांचा हिशेब लागला. बड्या कंपन्यांनी दुरुस्ती मान्य केली, लाइनी जोडल्या, चार ठिकाणी माफीचं पत्रही गेलं. तीन राहिली. त्या तिन्ही जोडण्या एकाच छोट्या कंपनीच्या आहेत, आणि ती बाईंच्या सहा पत्रांना उत्तर देत नाही. मी स्वतः तिच्या काउंटरवर दोनदा भांडून आले. ग्राहकांची नावं सांगत नाही म्हणतात, आणि नियमानं ते बरोबर आहे, म्हणून जास्तच चीड येते. म्हणजे कुठेतरी तीन घरांत अजून ते पत्र पडून आहे. कुणीतरी न केलेल्या गोष्टीबद्दल मान खाली घालून बसलंय, किंवा आपल्याच मुलाला बोल लावतंय.

बाईंना निवृत्तीआधी ती तीन घरं हवी आहेत. म्हणून हे लिहिलं. रुग्णालयाच्या तक्रारीवरून तुमची लाइन तोडली गेली असेल, आणि पत्रात वेळ आहे पण ती कुठल्या घड्याळाची ते लिहिलेलं नसेल, तर ते पत्र फाडू नका. शनिवारी दुपारी ते घेऊन आमच्या खोलीत या.